इंजिनाच्या केबिनमधला कॅमेरा कोणासाठी?

२६ सप्टेंबर २०२३ च्या रात्री शकूरबस्तीहून मथुरा जंक्शनला आलेली एक लोकल गाडी प्रवासी उतरून गेल्यावर पुन्हा चालू लागली आणि रुळांच्या टोकाचा अडथळा मोडून थेट फलाटावर चढली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. चालक तर उतरून गेला होता; मग गाडी चालली कशी? याचे उत्तर काही दिवसांतच मिळाले, कारण चालकाच्या केबिनमध्ये कॅमेरा होता. एक कर्मचारी मोबाइलच्या पडद्यावर डोळे लावून आत येतो, खांद्यावरची बॅग वेगनियंत्रकाच्या दांड्यावर ठेवतो, आणि तिच्या भाराने गाडी पुढे सरकते. सगळे चित्रफितीत होते. ही चित्रफीत चौकशी अधिकाऱ्यांनी पाहिली, तशीच ती समाजमाध्यमांतून देशभरानेही पाहिली.

त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत, २९ ऑक्टोबर २०२३ रोजी, आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यात कंटकापल्लीजवळ विशाखापट्टणम–रायगडा पॅसेंजर पुढे असलेल्या पलासा पॅसेंजरवर मागून आदळली. चौदा जणांचा बळी गेला. मागच्या गाडीचा लोको पायलट आणि त्याचा साहाय्यक, दोघेही मृतांत होते. मार्च २०२४ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीरपणे सांगितले, की हे दोघे मोबाइलवर क्रिकेट सामना पाहण्यात गुंतले होते. पुढे चौकशीत मात्र या क्रिकेटच्या गोष्टीला आधार मिळाला नाही. नादुरुस्त स्वयंचलित सिग्नल ओलांडताना जी पद्धत पाळायला हवी होती ती पाळली गेली नाही, हा दोष कर्मचाऱ्यांच्या पदरी आला तो आला. पण सामना पाहत माणसे मारल्याचा जो डाग मृत माणसांवर लागला, तो पुसायला ते स्वतः येऊ शकत नव्हते.

रेल्वे इंजिनाच्या केबिनमध्ये कॅमेरा असावा की नसावा, या वादाकडे पाहताना या दोन्ही घटना शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात. एका ठिकाणी कॅमेऱ्याने दोषी माणूस दाखवला. दुसऱ्या ठिकाणी विश्वासार्ह चित्रण लगेच पुढे ठेवता आले असते, तर त्याने कदाचित दोन माणसांची अब्रू वाचवली असती. म्हणजे कॅमेरा हा निव्वळ पाळत ठेवणारा शत्रू नव्हे, हे चालकांच्या संघटनांनीही मान्य करायला हरकत नाही. परंतु चित्रण कोणाच्या ताब्यात राहील, ते कोण, केव्हा आणि कशासाठी पाहील, या प्रश्नांची उत्तरे न देता कॅमेरे बसवण्याची घाई झाली, तर तो साक्षीदार न राहता मुकादम होईल. आपल्याकडे नेमकी हीच भीती आहे.

१३ जुलै २०२५ रोजी रेल्वे मंत्रालयाने जाहीर केलेल्या निर्णयानुसार देशातील सुमारे ७४ हजार डबे आणि १५ हजार इंजिने कॅमेऱ्यांखाली आणायची आहेत. प्रत्येक इंजिनावर सहा कॅमेरे: पुढे एक, मागे एक, दोन्ही बाजूंना एकेक आणि दोन्ही टोकांच्या केबिनमध्ये प्रत्येकी एक डोम कॅमेरा. शिवाय प्रत्येक केबिनमध्ये चालकाच्या मेजावर दोन मायक्रोफोन. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगात आणि अपुऱ्या उजेडातही चित्र स्पष्ट मिळाले पाहिजे, अशी अट आहे. रेल्वेच्या परिभाषेत केबिनमधील या व्यवस्थेला ‘क्रू व्हॉइस अँड व्हिडिओ रेकॉर्डिंग सिस्टिम’ असे लांबलचक नाव आहे. ती काही इंजिनांत आधीपासूनच बसवली जात होती. आता ती सार्वत्रिक होणार.

आजच्या इंजिनाची केबिन आतून पाहण्याचा योग सामान्य प्रवाशाला येत नाही. बाष्पइंजिनाच्या काळातील कोळशाने काळवंडलेला, घामाघूम ड्रायव्हर आपल्या स्मरणात आणि जुन्या चित्रपटांत राहिला आहे. ती प्रतिमा आता पूर्णपणे कालबाह्य झाली. नव्वदच्या दशकात परदेशी तंत्रज्ञानातून आलेली आणि नंतर चित्तरंजनला बनू लागलेली तीन फेजची विद्युत इंजिने आज प्रवासी व मालवाहतुकीचा कणा आहेत. प्रवासी गाड्या ओढणारे ‘डब्ल्यूएपी-७’ सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीचे आहे, तर मधेपुऱ्याला बनणारे ‘डब्ल्यूएजी-१२’ हे मालगाडीचे इंजिन बारा हजार अश्वशक्तीचे. या इंजिनांच्या मेजावर वेग वाढवण्या-घटवण्याचा दांडा, ब्रेकची हत्यारे, बिघाडाचे संकेत दाखवणारा संगणकाचा पडदा आणि वेगमापक असतो. हा वेगमापक केवळ आकडा दाखवत नाही. कोणत्या क्षणी गाडीचा वेग किती होता, हे तो स्मृतीत साठवत जातो. अपघातानंतर तपास अधिकारी सर्वांत आधी हात घालतात तो याच नोंदीला. धुक्याच्या प्रदेशात चालकाला पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे हे उपग्रहाच्या साहाय्याने सांगणारे हाती धरण्याजोगे यंत्रही सोबत दिले जाते. वॉकीटॉकी असते. ज्या मार्गांवर ‘कवच’ आले आहे, तिथे त्याचा वेगळा पडदा.

या सगळ्यांत एक उपकरण असे आहे, की ते समजून घेतल्याखेरीज चालकांचा कॅमेऱ्याला असलेला विरोध समजत नाही. त्याचे नाव ‘व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस’, म्हणजे चालक जागा आहे का हे तपासणारे यंत्र. साधारण साठ सेकंदांत चालकाने काहीच हालचाल केली नाही, म्हणजे ना वेग बदलला, ना ब्रेक लावला, ना शिटी वाजवली, तर समोर दिवा लुकलुकू लागतो. सुमारे आठ सेकंद त्याकडे दुर्लक्ष झाले, तर भोंगा सुरू होतो. आणखी आठेक सेकंद उलटली आणि बटण दाबले गेले नाही, तर यंत्र स्वतःच ब्रेक लावून गाडी थांबवते. योजना उत्तम आहे. परंतु नऊ-नऊ तासांच्या कामात, विशेषतः पहाटेच्या त्या जड प्रहरात, माणसाचा हात सवयीने बटण दाबतो आणि मन झोपलेलेच असते, हे जगभरच्या रेल्वेत ठाऊक असलेले सत्य आहे. म्हणूनच डोळ्यांच्या पापण्यांची उघडझाप मोजून चालकाला आलेली गुंगी ओळखणारी यंत्रणा ईशान्य सीमा रेल्वेने विकसित करायला घेतली. त्यावर कर्मचारी संघटनांचा प्रश्न असा, की दर मिनिटाला आम्ही जागे असल्याचा पुरावा देतोच. थकवा मोजण्याची यंत्रे आणण्यापेक्षा थकवा येणारच नाही अशा पाळ्या का लावत नाही?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने एका समितीच्या अहवालाच्या आधारे दोन गोष्टी सांगितल्या. इंजिनातील ध्वनी-चित्रमुद्रणाने कर्मचाऱ्यांच्या खासगीपणाचा भंग होत नाही, ही एक. आणि चालकांना जेवणासाठी व नैसर्गिक विधींसाठी ठरावीक विश्रांती नियमाने बांधून देणे वाहतुकीच्या दृष्टीने व्यवहार्य नाही, ही दुसरी. या दोन वाक्यांचे सान्निध्य लोको पायलटांना बोचले असेल, तर नवल नाही. माणसाला लघुशंकेसाठी वेळ देता येत नाही, पण तो वेळ त्याने कसा काढला यावर कॅमेरा राहील, असाच त्याचा अर्थ केबिनमध्ये बसलेल्याला लागणार. सात हजारांहून अधिक इंजिनांच्या केबिन वातानुकूलित केल्याचे रेल्वे सांगते आणि ती सुधारणा खरी आहे. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली बसून सिग्नल पाहणे म्हणजे काय, हे ज्यांनी भोगले त्यांना तिचे मोल कळेल. परंतु स्वच्छतागृह असलेली इंजिने अजून थोडी आहेत. आज रेल्वेत महिला लोको पायलटांची संख्या लक्षणीय झाली आहे. पाणी न पिता कामावर जाणे हा त्यांच्यापैकी अनेकींनी शोधलेला ‘उपाय’ आहे. या स्थितीत कॅमेऱ्याची मोहीम वेगाने आणि स्वच्छतागृहाची मोहीम रखडत चालली, तर प्रशासनाचा प्राधान्यक्रम काय आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता कॅमेरा काय दाखवू शकत नाही, ते पाहू. १७ जून २०२४ च्या सकाळी पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ एका मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली. मालगाडीचा लोको पायलट ठार झाला. काही तासांच्या आतच, ढिगारा उपसण्याचे काम चालू असतानाच, रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी चालकाने सिग्नल मोडला असावा असे सांगून टाकले. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला आणि चित्र पालटले. पहाटेपासून त्या टापूतील स्वयंचलित सिग्नल बंद पडले होते. ते लाल असतानाही ओलांडून जाण्याची परवानगी देणारा ‘टी/ए ९१२’ नावाचा कागद चालकांना दिला गेला होता. पण किती वेगाने जायचे हे त्यावर लिहिलेलेच नव्हते. त्या सकाळी असाच कागद घेऊन गेलेल्या गाड्यांपैकी बहुतेकांनी प्रत्येक बंद सिग्नलला थांबून मंद गतीने जाण्याचा दंडक पाळला नव्हता. पाळला तो कांचनजंगाने, आणि धडक बसली तिलाच. कर्मचाऱ्यांना स्वयंचलित सिग्नलच्या नियमांचे पुरेसे प्रशिक्षण नव्हते. वॉकीटॉकीसारखे साधे उपकरणही उपलब्ध नसल्याची नोंद अहवालात आहे. हा अपघात घडण्याची केवळ वाट पाहत होता, अशा आशयाचे आयुक्तांचे शब्द आहेत.

केबिनमधल्या कॅमेऱ्याने त्या सकाळी काय टिपले असते? हातात कागद घेतलेला एक माणूस, समोर लाल सिग्नल आणि तरीही पुढे जाणारी गाडी. ते चित्र पाहून कोणीही म्हटले असते, की चूक चालकाची. तो कागद कोणी, कसा आणि कोणत्या प्रशिक्षणाच्या बळावर लिहिला, हे स्टेशनातील टेबलावर घडले होते. तिकडे कॅमेरा नव्हता. माझ्या मते या तंत्रज्ञानाचा खरा धोका इथे आहे. कॅमेरा साखळीच्या शेवटच्या कडीवर रोखलेला असतो, त्यामुळे आधीच्या कड्या आपोआप चौकटीबाहेर राहतात. ज्या व्यवस्थेला मेलेल्या चालकावर काही तासांत बोट ठेवण्याची सवय आहे, तिच्या हाती असे चित्रण म्हणजे आयतेच कोलीत.

परदेशांत हा वाद आपल्याआधी होऊन गेला. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ येथे १२ सप्टेंबर २००८ रोजी मेट्रोलिंकची प्रवासी गाडी मालगाडीवर आदळून पंचवीस जण मेले. चालकाने धडकेच्या केवळ बावीस सेकंद आधी मोबाइलवरून संदेश पाठवला होता. तेव्हापासून अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने केबिनमध्ये आत रोखलेल्या कॅमेऱ्यांचा आग्रह धरला. मे २०१५ मध्ये फिलाडेल्फियाजवळ अॅमट्रॅकची गाडी वळणावर दुपटीहून अधिक वेगाने गेली आणि आठ प्रवासी दगावले. चालक बचावला, पण त्याला काही आठवत नव्हते. तोही मोबाइलवर असणार, हा संशय साहजिकच आला. त्याच्या फोनच्या नोंदी तासून तपासायला काही आठवडे लागले आणि त्यातून तो फोनवर नव्हता हेच निघाले. रेडिओवरील दुसऱ्या गाडीच्या संभाषणाने त्याचे लक्ष विचलित झाले असावे, असा निष्कर्ष पुढे आला. त्याच्यावर फौजदारी खटला चालला आणि २०२२ मध्ये तो निर्दोष सुटला. कंटकापल्लीची आठवण करून देणारी ही कथा आहे. केबिनमध्ये कॅमेरा असता तर हा माणूस फोनवर होता की नव्हता, हे एका तासात समजले असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने प्रवासी गाड्यांच्या इंजिनांत चित्रमुद्रण सक्तीचे करणारा नियम केला. मालगाड्या मात्र सक्तीतून वगळल्या.

कॅनडाने अधिक विचाराने पावले टाकली. तिथे इंजिनातील ध्वनी-चित्रमुद्रणाचे नियम सप्टेंबर २०२२ पासून लागू झाले. रेल्वे कंपनीला हे चित्रण कोणत्या कारणांसाठी पाहता येईल, हे नियमांतच लिहिलेले आहे. सुरक्षेच्या अभ्यासासाठी नमुने पाहायचे, तर ते यदृच्छेने निवडायचे. एखादा नावडता कर्मचारी हेरून त्याचे चित्रण उपसता येत नाही. विमानांच्या क्षेत्रात तर ही शिस्त जुनी आहे. अपघाताची चौकशी दोष ठरवण्यासाठी नव्हे, पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे तत्त्व. वैमानिकांच्या संभाषणाची मुद्रणे सरसकट उघड करायची नसतात, ही दक्षताही त्यातूनच आली. आणि लक्षात घ्या, विमानाच्या कॉकपिटमध्ये अजून आवाजच मुद्रित होतो. चित्रणाला वैमानिकांचा विरोध कायम आहे. जून २०२५ मधील अहमदाबादच्या भीषण विमान अपघातानंतर तो वाद पुन्हा उफाळला. प्राथमिक अहवालात वैमानिकांच्या संभाषणातील एकच त्रोटक देवाणघेवाण आली आणि तिच्यावर किती तर्कांचे इमले उभे राहिले, ते आपण पाहिले.

आवाजाचा मुद्दा मला चित्राहून महत्त्वाचा वाटतो, दोन्ही अंगांनी. आपल्या रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा साहाय्यक यांनी प्रत्येक सिग्नलचा रंग मोठ्याने उच्चारून एकमेकांशी ताडून पाहायचा असतो. ते उच्चारले गेले का, केव्हा, कोणी आधी आणि कोणी नंतर, हे मायक्रोफोन सांगेल. चित्रातला माणूस समोर पाहताना दिसतो, पण तो काय पाहतो आहे हे आवाजच सांगतो. उलट बाजूने, आठ-नऊ तास दोन माणसे एका पेटीत बसणार म्हणजे ती घरच्या अडचणी बोलणार, वरिष्ठांबद्दल चार कडू शब्द बोलणार, संपाची चर्चा करणार. तेही मुद्रित होणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. कामाच्या जागी तो हक्क मर्यादित होतो हे खरे, पण संपत नाही.

गोमंतकात राहणाऱ्यांना हा विषय दूरचा वाटू नये. कुळे ते कॅसलरॉक हा दूधसागरचा घाट देशातील सर्वांत अवघड चढांपैकी एक. सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर चढ. भारलेल्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने जोडावी लागतात. पुढच्या आणि मागच्या इंजिनांतील माणसे एकमेकांना दिसत नाहीत. शिट्यांचे ठरलेले संकेत आणि वॉकीटॉकी एवढ्यावर त्यांचा मेळ चालतो. उतरताना ब्रेक हाताबाहेर गेले तर गाडी अडवण्यासाठी कारंझोळ, सोनावळी आणि दूधसागर येथे वेगळ्या चढत्या मार्गिका ठेवलेल्या आहेत. अशा घाटात पुढच्या आणि मागच्या केबिनमधील आवाज एकाच कालरेषेवर लावून ऐकता आले, तर प्रशिक्षणासाठी त्याहून मोलाचे साहित्य नाही. २३ जुलै २०२१ रोजी कोकण रेल्वेचा मार्ग पुरामुळे बंद पडल्याने घाटाकडे वळवलेली मंगळुरू–मुंबई गाडी दूधसागर ते सोनावळी दरम्यान दरडीमुळे घसरली होती. ९ ऑगस्ट २०२४ रोजी याच टापूत मालगाडीचे सतरा डबे घसरले. त्याच्या महिनाभर आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे ठप्प झाली. आपल्या प्रदेशात चालकाला खरी मदत आत पाहणाऱ्या कॅमेऱ्याने होणार नाही, ती बाहेर पाहणाऱ्या डोळ्याने होईल. आणि तो डोळाही नुसता टिपून ठेवणारा नव्हे, तर वेळीच इशारा देणारा हवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर दृश्यमानता घटली, की ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा पाळली जाते. हा निर्णय आजही मुख्यतः चालकाच्या नजरेवर अवलंबून आहे.

दुसरा दुवा अधिक अभिमानाचा आणि थोडा खंत वाटण्यासारखा. गाड्यांची टक्कर टाळणारे भारतीय यंत्र प्रथम कल्पिले आणि चालवले गेले ते कोकण रेल्वेवर, व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या काळात, या शतकाच्या आरंभी. ‘रक्षा कवच’ हे त्याचे नाव होते. ते तंत्र त्रुटींमुळे मागे पडले आणि वेगळ्या पायावर नवी प्रणाली उभी राहिली. २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेले आजचे ‘कवच’ ती. रुळांवरील टॅग, रेडिओ आणि इंजिनातील संगणक यांच्या आधारे ते सिग्नल थेट केबिनमध्ये दाखवते आणि चालकाने ब्रेक लावला नाही तर स्वतः लावते. कंटकापल्ली आणि रंगापाणी, दोन्ही ठिकाणी या यंत्रणेच्या अभावाची चर्चा झाली. २०२४ च्या मध्यापर्यंत ते दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटर मार्गावर आणि १४४ इंजिनांत होते. जुलै २०२५ अखेर मथुरा–कोटा मार्गाची भर पडली. देशाचे जाळे ६८ हजार किलोमीटरहून मोठे आहे, हे ध्यानात घेतले की अंतर किती उरले ते कळते. कॅमेरा अपघात कसा झाला ते सांगतो, कवच तो होऊ देत नाही. दोन्हींसाठी निधी मर्यादित असेल, तर आधी कोणाला, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. मनुष्यबळाचेही तसेच. रंगापाणीच्या अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी साहाय्यक लोको पायलटांची भरती ५,६९६ वरून १८,७९९ पदांवर नेण्यात आली. एवढी गरज होती, तर ती आदल्या दिवशी दिसत नव्हती का?

कॅमेरे मात्र येणारच, आणि यावेत. आता घालायच्या अटी अवघड नाहीत. केबिनमधील चित्रण ठरावीक तासांनंतर आपोआप पुसले जावे. अपघात किंवा लाल सिग्नल ओलांडण्याचा प्रसंग घडला तरच ते जतन व्हावे. जतन झालेल्या चित्रणाची किल्ली विभागीय कार्यालयाकडे नको. आपल्याकडे त्यासाठी योग्य संस्था आधीपासून आहे. रेल्वे सुरक्षा आयुक्त हे रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करतात. चौकशी करणारा चौकशी होणाऱ्याच्या हाताखाली नसावा, म्हणूनच ही रचना केलेली आहे. नियमित तपासणीसाठी नमुने पाहायचे, तर कॅनडाप्रमाणे यदृच्छेने निवडावेत आणि ते पाहताना कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी उपस्थित असावा. संबंधित लोको पायलटला, तो हयात नसेल तर त्याच्या कुटुंबाला, स्वतःच्या बचावासाठी ते चित्रण मागण्याचा हक्क असावा. आणि चित्रण बाहेर पडले, तर ते कोणी बाहेर पाडले याची चौकशी अपघाताइतक्याच गांभीर्याने व्हावी. मथुरेच्या त्या चित्रफितीत दोषी ठरलेल्यांवर निलंबनाची कारवाई झाली. ती फीत रेल्वेच्या ताब्यातून घराघरांतल्या मोबाइलवर कशी पोहोचली, हे मात्र कोणी विचारल्याचे दिसले नाही.